अवकाशातल्या स्टेशनचा चार्ज

वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी गच्चीवरून उतरताना जिन्यात घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. पतंग उडवताना पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. पण हातात उंधियूचं रिकामं पातेलं होतं. शेजारच्या बेन "हाय हाय, शुं थयुं?" करत धावत आल्या आणि आमच्या आईने आधी पातेलं उचललं, मग मला. हे मी तिला अजून ऐकवते.

मनगटाचं मला एवढं काही वाटलं नसतं. दिवसा मी अलकापुरीत एका ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात बसते, तिथे रजा मिळाली. पण उरलेल्या वेळात मी दुसरंच काम करते. व्हिडिओ गेम खेळते आणि त्यांची मराठीत परीक्षणं लिहिते. पुण्याची एक छोटी वेबसाइट ती छापते. बेचाळीस वर्षांची बाई गेम खेळते म्हटल्यावर लग्नकार्यात नातेवाईक माझ्याकडे कसे बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. बघेनात का! मला चांगला गेम खेळायला आवडतो, आणि कुठला चांगला, कुठला नुसताच दिखाऊ, हे चारचौघांत ठणकावून सांगायला त्याहून आवडतं.

प्लास्टर ओलं होतं तोच संपादकबाईंनी एक नवा गेम पाठवला. बाजारात यायच्या आधीच आमच्यासारख्यांना खेळायला देतात, तसा. गोष्ट भविष्यकाळातली. दूरच्या एका बर्फाळ चंद्राभोवती फिरणारं एक स्टेशन, तिथे बर्फ वितळवून पाणी शुद्ध करतात. आपण तिथे झोपेतून जागे होतो तर सगळं बंद, आणि माणसं निघून गेलेली. आपणच आपल्या डोळ्यांनी ते बघत फिरायचं. आपला चेहरा पडद्यावर दिसत नाही, दिसतात ते दोन हात. आणि मेख नेमकी तिथेच होती. या गेममध्ये बटणं दाबून भागत नाही. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरायचा आणि हात खरोखर हलवायचे. शिडी चढायची तर एकाआड एक हात वर न्यायचा, व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं तर हवेत दोन्ही हातांनी फिरवायचं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी हे वाचत होते.

बाईंचा निरोप थोडक्यात होता. परीक्षण बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत, शेवटपर्यंत खेळूनच लिहायचं, आणि हे नीट झालं तर दर आठवड्याचं सदर तुमचं. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी देणार. तीन वर्षं मी त्या सदराची वाट बघत होते. उगाच कशाला लपवू, मला ते फार हवं होतं.

घरात धडधाकट हातांच्या दोन जोड्या होत्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला कणीक भिजवायचीय." मग उरले बाबा.

बाबा शहराबाहेरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं ऑपरेटर होते. बॉयलर, पंप, पॅनेलवरचे काटे आणि दिवे, हे त्यांचं जग. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी असं फिरतं घड्याळ आमच्या तरसालीच्या घरात कायम चालू असायचं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. तेव्हापासून पेपर वाचायचा, तो घडी घालून ठेवायचा, आणि परत उघडायचा, एवढाच उद्योग. गेमचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "खेळ? या वयात?" मी म्हटलं, "बाबा, बंद पडलेला प्लांट चालू करायचाय." त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, "कसला प्लांट?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीपॉय सरकवून टीव्हीपुढे जागा केली आणि बाबा खोलीतून बाहेर आले ते पॅंट, खोचलेला शर्ट आणि कॅनव्हासचे बूट घालून. आई म्हणाली, "अहो, दिवाणखान्यात बूट?" बाबा म्हणाले, "प्लांटमध्ये चपला चालत नाहीत." तिने कपाळावर हात मारला. मी डाव्या हाताने त्यांच्या मनगटांना कंट्रोलरच्या दोऱ्या अडकवल्या आणि आमचा प्रवास सुरू झाला.

सुरू झाला म्हणजे काय, डोंबल! चाळीस मिनिटं बाबांनी कशालाही हात लावला नाही. नुसते चालत राहिले. या दालनातून त्या दालनात, प्रत्येक पाइप कुठून येतो आणि कुठे जातो ते मान वर करून बघत. मधेच थांबायचे आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहायचे. त्यासाठी कंट्रोलर काखेत धरायचे, की पडद्यावरचा हात वेडावाकडा छताकडे जायचा.

"बाबा, तो लाल दांडा ओढा ना. त्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही."

"राउंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अहो, गेम आहे हा!"

"म्हणून काय झालं? काय कशाला जोडलंय ते माहीत नसताना दांडा ओढायचा?"

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी असते तर एव्हाना पहिला टप्पा संपवून दुसऱ्यात असते. डाव्या हाताच्या एका बोटाने मी लॅपटॉपवर टिपण लिहीत होते, आणि पहिल्या दिवसाचं टिपण एवढंच झालं की गेमची गती संथ आहे. मग ते मीच खोडलं, कारण संथ गेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. बाबा एका मोठ्या टाकीजवळच्या दाबमापकापुढे उभे होते. गोल काचेआड काटा शून्यावर. बाबांनी उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि हवेत दोनदा टकटक केलं, सवयीने, जसं आयुष्यभर करत आले तसं. पडद्यावरच्या बोटाने काचेवर टकटक केलं. आणि काटा थरथरला, सुटला आणि चारवर जाऊन थांबला.

बाबा एकदम माझ्याकडे वळले. "बघितलंस? अडकला होता! टाकीत दाब आहे!"

मी बघतच राहिले. गेली पंधरा वर्षं मी गेम खेळतेय, शेकडो मापकं बघितली असतील, एकदाही काचेवर टिचकी मारायचं सुचलं नाही. कुठेही सूचना नव्हती, खूण नव्हती. करणाऱ्याने ते गुपचूप ठेवून दिलं होतं, ज्याला सुचेल त्याच्यासाठी.

"हे ज्याने बनवलंय ना," बाबा म्हणाले, "तो कुठेतरी ड्युटी केलेला माणूस आहे." त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला हसूही आलं आणि भरूनही आलं. परीक्षणातलं माझं सगळ्यात चांगलं वाक्य मला त्या टिचकीने दिलं, हे मी कबूल करते.

त्यानंतर बाबांना आवरणं कठीण झालं. जेवताना "आपल्या स्टेशनवर" म्हणून बोलणं सुरू व्हायचं. दोन नंबरचा पंप आवाज करतोय, गरम पाण्याच्या लाइनला कुणी लेबलच लावलेलं नाही, आधीची माणसं गबाळी होती. आई आमटी वाढता वाढता विचारायची, "मग तो पंप बदलला का तुम्ही?" बाबा सांगायचे, स्टँडबाय, म्हणजे राखीव पंप, चालू केला. सोमवारपर्यंत हवा चालू झाली, मंगळवारी पाणी. स्टेशनचे दिवे एकेक करून लागले तेव्हा बाबा दिवाणखान्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दोन वर्षांत मी त्यांना असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

बुधवारी अडीच वाजता आम्ही शेवटच्या टप्प्याला लागलो. परीक्षण जवळजवळ लिहून झालं होतं, फक्त शेवट बघायचा बाकी होता. स्टेशन झकास चालू होतं. एक छोटं यान येऊन दाराला लागलं, पडद्यावर आकडे उलटे पडायला लागले, दहा मिनिटं. यानात शिरायचं, दोन्ही हातांनी झाकण ओढून घ्यायचं, आणि घरी. मी म्हटलं, "चला बाबा, सुटलो!"

बाबा पॅनेलपुढून हलले नाहीत.

"बाबा?"

"रिलीव्हर कुठाय?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी मला लहान मुलीला सांगतात तसं सांगितलं. चालू प्लांट रिलीव्हर आल्याशिवाय सोडायचा नसतो. पुढच्या पाळीचा माणूस येतो, त्याला सगळं समजावून सांगायचं, काय चालू, काय बंद, काय बिघडलंय. मग त्याची सही घ्यायची आणि मगच गेटबाहेर पाऊल. तो नाही आला तर दुसरी पाळी आपणच करायची. आई डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिलेली मला आठवते, त्या दिवसांत.

"पण इथे कुणीच नाहीये! स्टेशन आपोआप चालतं, गोष्टीत तसं आहे."

"आपोआप काही चालत नसतं."

दहा मिनिटं संपली, यान निघून गेलं आणि गेमने आम्हाला पुन्हा पॅनेलपुढे आणून उभं केलं. पुन्हा यान आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदाही गेलं. मी विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं, सदराचं सांगितलं, तीन वर्षं वाट बघितल्याचं सांगितलं. बाबांना वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. पण पाय निघत नव्हता. मी स्वतः एका हाताने झाकण ओढून बघितलं, ते मेलं तसूभर हललं नाही. पावणेचार झाले. माझा जीव टांगणीला.

शेवटी मी डोकं चालवलं. बाबांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी रिलीव्हर. द्या चार्ज."

बाबांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. "तू अनफिट आहेस," ते म्हणाले. "अनफिट माणसाला चार्ज देता येत नाही."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "बाबा, हे खरं नाहीये! तुम्ही दोन वर्षांपूर्वी रिटायर झालात, कळलं का? तुम्ही गेलात आणि तो कारखाना तसाच चालू आहे!"

बोलले आणि जीभ चावली. बाबा हळूच सोफ्यावर टेकले. कंट्रोलर मनगटाला लोंबत राहिले.

"हो ना," ते म्हणाले. "पण चार्ज कुणी घेतला, सांग."

मग त्यांनी शेवटच्या दिवसाचं सांगितलं. आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. पाळी संपायला एक तास असताना साहेब लोक त्यांना न्यायला आले होते. सत्कार होता, हार, शाल, नारळ, फोटो. बाबा म्हणाले, रिलीव्हर येऊ द्या. साहेब म्हणाले, "अरे चलो ने, थई जशे," म्हणजे होईल सगळं. हाताला धरून घेऊन गेले. पेढा खाताना बाबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. परत पॅनेलकडे जायला गेले तर सगळे त्यांना गाडीत बसवून घरी पोचवायला निघाले होते. लॉगबुकचं पान तसंच राहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते चार्ज न देता फाटकाबाहेर पडले, आणि तेही गळ्यात हार घालून.

"काही झालं नाही, मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "झालं असतं तर कळलं असतं. पण मी दिला नाही तो नाहीच दिला."

घड्याळात चार वाजले होते, पण त्या क्षणी मला सदराचं काही वाटेनासं झालं. बाबांना असं खाली बघून बसलेलं बघवत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. पदराला हात पुसत ती पुढे आली, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून टीव्हीपुढे ठेवली आणि बाबांसमोर ताठ उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "मी आलेय. मी फिट आहे ना?"

बाबांनी मान वर केली.

"काय चालू आहे?" आईने विचारलं.

बाबा उठले. "एक नंबर आणि तीन नंबर पंप चालू."

"दोन नंबर?"

"आवाज करत होता. बंद ठेवलाय."

"स्टँडबाय काय आहे मग?"

"चार नंबर. तपासलाय."

"गळती कुठे?"

"गरम लाइनला, जिन्याखाली. थेंब थेंब. लक्ष ठेवायला लागेल."

"ठेवीन. काही अर्धवट?"

बाबांनी डायरी बघितली. "लेबलं लावायची राहिली."

हे प्रश्न ती कुठे शिकली, मी विचारणार होते, आणि माझं मलाच समजलं. पस्तीस वर्षं बाबा घरी येऊन हात धुता धुता हेच बोलत होते आणि ताट वाढणारी तीच होती. आईने डायरी मागितली, त्या पानाखाली मोठ्या अक्षरात सही केली, वेळ घातली आणि खुर्चीत बसत म्हणाली, "घेतला चार्ज. तुम्ही जा आता. मी आहे."

बाबांचे डोळे भरले. त्यांनी बाहीने चष्मा पुसला, पॅनेलकडे एकदा बघितलं, आणि यान आलं तसे आत शिरले. दोन्ही हातांनी झाकण ओढलं. स्टेशन लहान लहान होत गेलं, सगळे दिवे लागलेलं. शेवट सुरेख होता, शांत, काही न बोलता संपणारा. मी तो धड बघितला नाही, बाबांकडेच बघत होते. पण पाच वाजायला बारा मिनिटं असताना डाव्या हाताच्या एका बोटाने शेवटचा परिच्छेद लिहून पाठवला. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला, कारण निघताना चार्ज द्यायची सोय नाही. संपादकबाईंचा उत्तरात नुसता अंगठा आला, आणि त्याखाली, "सदर पुढच्या आठवड्यापासून." मी ओरडलेच.

बाबा दोऱ्या सोडवत म्हणाले, "वा! चला, आता चहा."

आई खुर्चीतून उठली नाही. टीव्ही काळा झाला होता, तरी ती समोर बघत बसली होती, मांडीवर डायरी.

"अगं, ऊठ की. संपलं."

"कशी उठू? चार्ज घेतलाय मी. रिलीव्हर कुठाय?"

आम्ही दोघंही हसलो. ती हसली नाही.

"तिथेही कुणी आलं नाही अजून," तिने मानेने स्वयंपाकघर दाखवलं. चिडून नाही बोलली. पाऊणशे पोळ्यांचं पीठ दळून आणलं म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात बोलली.

मला इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप उघडून उगाच त्यात बघत बसले. बेचाळीस वर्षं त्या घरात मीही जेवतेय.

बाबांनी कंट्रोलर खाली ठेवले. तिच्या हातातून डायरी घेतली, पान उलटलं आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, बूट जुळवून.

"काय चालू आहे?" त्यांनी विचारलं.

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मंद गॅसवर दूध आहे. कुकरमध्ये डाळ, अजून लावायचीय."

"काही अर्धवट?"

"मेथी निवडायची राहिलीय. कणीक भिजवून झाकून ठेवलीय."

"काय बिघडलंय?"

"मिक्सरचं झाकण. आणि माझा डावा गुडघा."

बाबांचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"होतील चार वर्षं."

बाबांनी ते लिहून घेतलं. मिक्सरचं झाकण एका ओळीत, गुडघा पुढच्या ओळीत, चार वर्षं. मग सही केली. "घेतला चार्ज," ते म्हणाले. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. आता तू जा. मी आहे."

आई उठली. दारापाशी गेली, चप्पल घातली आणि तिथेच उभी राहिली. "अगं," तिने मला विचारलं, "आता जायचं कुठे?"

मी तिला नाक्यावर सेव-उसळ खायला नेलं. एका हाताने मला पाव मोडता येईना तर तो तिने मोडून दिला, आणि माझ्या आधी स्वतःची प्लेट संपवून दुसरी मागवली. सावकाश चालत, दोनदा बाकावर बसत, आम्ही दिवे लागायच्या सुमाराला घरी आलो. बाबा फाटकाशी उभे होते, हातात डायरी. दूध उतू गेलं होतं. त्यांनी ते वेळेसकट लिहून ठेवलं होतं आणि पहिल्यांदा तेच तिला वाचून दाखवलं.